फोन पोराचा की दुकानाचा? आधी नंबर कुणाचा ते बघा



प्रत्येक बॅचला एक प्रश्न हमखास येतो. पहिला-दुसरा माणूस कामावर ठेवला की लगेच येतो. "सर, पोरांना दुकानाचा फोन घेऊन द्यायचा, का त्यांचाच वापरू द्यायचा?" विचारणाऱ्याच्या डोक्यात हिशोब असतो तो हँडसेटचा. आठ-दहा हजार घालायचे की वाचवायचे, एवढाच. मी व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं होतं. पण दोन मिनिटांत हे बसत नाही, म्हणून आज निवांत लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो, मग भांडू. हँडसेट कुणाचाही असू दे, फारसा फरक पडत नाही. गिऱ्हाईक ज्या नंबरवर फोन करतं तो नंबर मात्र तुमच्या नावावर पाहिजे. पहिल्या दिवसापासून. माणूस एकच असला तरी, तुमचा सख्खा चुलतभाऊ असला तरी.

हे मला कुणी शिकवलं नाही. बीबीएला 'असेट' म्हणजे मशिनरी, फर्निचर, स्टॉक आणि गुडविल असं पाठ केलं होतं. गुडविल नावाची गोष्ट एका दहा आकडी नंबरात राहते हे पुस्तकात नव्हतं. ते मला सांगलीच्या पुरानं शिकवलं.

माझं दुकान वॉटर प्युरिफायरचं, विक्री आणि सर्व्हिस. आपल्याकडे बोअरचं पाणी कसं आहे ते सांगायला नको, टीडीएस मीटर बुडवला की आकडा बघूनच गिऱ्हाईक मशीन घेतं. पण खरं पोट भरतं ते मशीन विकून नाही, एएमसीवर. वर्षाला ठरलेली रक्कम, त्यात फिल्टर बदलायचे, सर्व्हिस द्यायची. एकदा गिऱ्हाईक जोडलं की पाच-सात वर्षं कुठं जात नाही. निदान मला तसं वाटायचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात घुसलं. दुकान पाण्यात. माल गेला तो गेला, पण दुकानातला लँडलाइनही गेला आणि बोर्डावर छापलेला नंबर तोच होता. पूर ओसरल्यावर घराघरांतून फोन सुरू झाले. मशीन बुडालंय, टाकीत गाळ आहे, प्यायला पाणी नाही. दुकान लागत नाही म्हटल्यावर लोकांनी काय केलं? मागच्या सर्व्हिसला आलेल्या पोराचा नंबर शोधला. माझ्याकडे तेव्हा तीन टेक्निशियन. तिघेही स्वतःच्याच फोनवरून बोलायचे. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, उलट रिचार्जचे पैसे वाचतात म्हणून बरंच वाटायचं.

त्या दीड-दोन महिन्यांत पोरांनी जीव तोडून काम केलं. मी दुकानातला चिखल काढत होतो, ते शामरावनगरपासून माधवनगरपर्यंत फिरत होते. आणि याच काळात शेकडो फोनमध्ये त्यांचे नंबर 'आरओवाला' म्हणून सेव्ह झाले. माझ्या दुकानाचं नाव नाही, माझं नाव नाही. नुसतं 'आरओवाला'.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला सगळ्यात हुशार पोरगा नोकरी सोडून गेला. स्वतःचं सुरू केलं. माझी साधारण २६० एएमसीची गिऱ्हाईकं होती. वर्ष संपेपर्यंत त्यातली नव्वदेक परत आली नाहीत. एएमसी सरासरी २,८०० धरली तर अडीच लाखांचा खड्डा. आणि हा फक्त एका वर्षाचा, पुढच्या वर्षांचा वेगळाच.

मी चिडलो होतो. "माझी गिऱ्हाईकं चोरली" असं चार जणांना सांगत फिरलो. ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, लिहून काय घेतलंय? काही नाही. नंबर कुणाच्या नावावर? त्याच्या. रिचार्ज कोण करत होतं? तोच. मग त्यानं चोरलं काय? गिऱ्हाइकानं त्याला फोन केला, त्यानं उचलला.

मला ते ऐकून घरी जाईपर्यंत राग आला होता, आणि घरी गेल्यावर तो राग कुणावर काढायचा हेच कळेना. आज स्पष्ट सांगतो, त्या पोरानं काही चूक केली नाही. पाच वर्षं स्वतःच्या पैशांनी माझ्या धंद्याचा फोन चालवला त्यानं. मी फुकटात वापरला, आणि त्याची किंमत एकदम चुकवली.

आता माणूस एकदा पोळला की काय करतो? दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेलो.

एकदम पाच हँडसेट घेतले. साडेनऊ हजाराला एक. सगळ्यांना सक्त ताकीद, गिऱ्हाइकाशी बोलायचं ते याच फोनवरून. शिवाय त्यात लोकेशन दाखवणारं ॲप टाकलं. मला घरात बसून कळणार कोण कुठं आहे. काय रुबाब!

पहिल्या महिन्यात एकाचा डिस्प्ले फुटला. मोटरसायकलच्या डिकीत पाना-पक्कडीसोबत फोन ठेवला की दुसरं काय होणार. दुसऱ्याचा फोन कायम सायलेंटवर, कारण दोन-दोन फोन खिशात घेऊन सिंकखाली वाकून काम करता येत नाही, बाहेर गाडीतच राहायचा. गिऱ्हाईक वैतागून दुकानात फोन करायचं. तिसरा फोन दुपारी तीनलाच डिस्चार्ज, कारण पोरगा त्यावर रील बघत होता. आपला डेटा वाचवून दुकानाचा वापरायचा, एवढी अक्कल सगळ्यांना असते. हेल्परला तर मी फोन का दिला होता हे मलाच आजवर कळलं नाही, त्याला दिवसात एक फोन यायचा आणि तो माझाच.

आणि लोकेशनचं ऐका. एका रविवारी रात्री मी सहज ॲप उघडून बघत बसलो होतो, कोण कुठं आहे ते. सोमवारी बोलता बोलता एकाला म्हणालो, "काय रे, काल मिरजेला काय काढलं होतंस?" तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "दादा, रविवारी पण बघता काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो बहिणीसाठी स्थळ बघायला गेला होता. मी त्याच दिवशी ते ॲप सगळ्यांच्या फोनमधून काढलं. कुठला जॉब कधी सुरू झाला, कधी संपला, याचा साधा मेसेज पुरतो. माणूस कुठं आहे हे नकाशावर बघून काम चांगलं होत नाही, मालकाची झोप मात्र उडते.

म्हणजे बघा, दोन्ही करून झालं होतं. पोरांचे फोन वापरून गिऱ्हाईक गेलं, दुकानाचे फोन देऊन पैसे गेले. तरीही मी याकडे गिऱ्हाईक आणि पैसा एवढ्याच नजरेनं बघत होतो. खरी चपराक बसली ती तिसऱ्याच बाजूनं.

काउंटरवर बिलिंगला एक मुलगी होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, दुपारनंतर यायची. कामात चोख. मी म्हटलं, हिला कुठं गिऱ्हाइकाकडे जायचंय, हिला फोनची काय गरज? मग ती बिलाचा फोटो, वॉरंटी कार्डाचा फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून पाठवायची. दिवसाला दहा-पंधरा गिऱ्हाइकांना. तिच्या नंबरसोबत तिचा डीपी, तिचं स्टेटस, सगळं त्या प्रत्येकाकडे जात होतं. माझ्या डोक्यातही आलं नाही.

एका गिऱ्हाइकानं रात्री अकराला 'जेवण झालं का' विचारायला सुरुवात केली. तिनं आधी दुर्लक्ष केलं, मग ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून. मला सांगितलं नाही. का, तर ते जुनं गिऱ्हाईक होतं, दोन मशीन घेतलेलं, सरांचं नुकसान नको. एक दिवस तिचे वडील दुकानात आले. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "सर, तुमच्या धंद्यासाठी माझ्या मुलीचा नंबर गावभर का वाटला?"

त्या माणसाला मी फोन करून जे बोलायचं ते बोललो, गिऱ्हाईक तोडलं. पण मुलगी कामावर परत आली नाही, आणि तिला दोष द्यायला मला तोंड नव्हतं. तुमच्याकडे मुली, बायका कामाला असतील तर हा मुद्दा हँडसेटच्या किमतीच्या कितीतरी आधी येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आणि त्रास देणारा दुकानातलाच असला पाहिजे असं काही नाही, गिऱ्हाईकही त्यात येतं. आपलं दुकान छोटं आहे म्हणून जबाबदारी छोटी होत नाही.

तर या सगळ्यातून गेल्यावर आज माझ्याकडे काय व्यवस्था आहे ते सांगतो. तुमच्या धंद्याला जशीच्या तशी बसेल असं नाही. मेडिकलवाल्याचं वेगळं, टिफिनवाल्या ताईंचं वेगळं.

दुकानाचा एक मुख्य नंबर. तोच बोर्डावर, तोच बिलावर, तोच मशीनवर चिकटवलेल्या स्टिकरवर, तोच गुगलवर. या नंबरचा फोन काउंटरवर राहतो, घरी कुणी नेत नाही, मीसुद्धा नाही. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस आहे. एका नंबरच्या व्हॉट्सॲपला आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे काउंटरचा कॉम्प्युटर, माझा फोन आणि सीनियर टेक्निशियनचा फोन याच खात्यावरून उत्तर देतात. गिऱ्हाइकाला एकच नंबर दिसतो. माणूस सोडून गेला की 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन त्याचं नाव काढायचं, एक मिनिटाचं काम. कोण बोलतंय हे कळावं म्हणून मेसेजखाली आपलं नाव टाकायची सवय लावली आहे. एक लक्षात ठेवा, मुख्य फोन दोन आठवडे बंद पडून राहिला तर जोडलेली डिव्हाइस आपोआप लॉगआऊट होतात. दिवाळीच्या सुट्टीत नाही, पण फोन दुरुस्तीला टाकला की हा घोळ होतो.

फिरतीवरच्या पोरांना बोलायला नंबर लागतोच. त्यांना मी सिम देतो, हँडसेट नाही. आता बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. दुकानाचं सिम त्याच्या फोनच्या दुसऱ्या खणात. रिचार्ज माझा, शिवाय फोन वापरल्याबद्दल महिन्याला ३०० रुपये वेगळे, पगाराच्या स्लिपवर दिसतील असे. हे ३०० रुपये देताना काही मालकांचा हात आखडतो. हिशोब मांडा. साडेनऊ हजाराचा फोन दोन वर्षं टिकला तरी महिन्याला जवळपास ४०० पडतात, आणि दोन वर्षं टिकेल याची खात्री डिकीत ठेवणाऱ्या पोराकडून घेऊ नका. स्वतःचा फोन माणूस जपतो. शिवाय तो कायम चार्ज असतो, कायम खिशात असतो. त्याचा फायदा तुम्हाला होतोय ना, मग त्याचं भाडं द्या.

ज्याच्याकडे दोन सिमचा धड फोन नाही, किंवा ज्याला आपला फोन कामाला वापरायचा नाही, त्याला मी हँडसेट देतो. कारण विचारत नाही. आणि काउंटरला बसणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या नंबरवरून गिऱ्हाइकाला एकही मेसेज जाता कामा नये, हा नियम लिहून भिंतीवर लावलाय. सगळ्यांना दिसेल असा, गिऱ्हाइकालाही.

हेल्पर, गोडाऊनचा माणूस, साफसफाईच्या मावशी, यांना काही देत नाही. गिऱ्हाइकाशी संबंध नाही तर दुकानाचा नंबर कशाला?

आता सिम कुणाच्या नावावर, इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. "सर, रिचार्ज आम्हीच करतो, म्हणजे नंबर आमचाच ना?" नाही. ज्याची कागदपत्रं दिली त्याचा नंबर. पोराला म्हणालात, जा रे तुझ्या आधारवर एक सिम घेऊन ये, मी पैसे देतो, तर तो नंबर त्याचा. तुम्ही पाच वर्षं रिचार्ज करा, बोर्डावर छापा, त्याचाच. असं आधीच झालं असेल तर त्या माणसासोबत चांगले संबंध आहेत तोवर दोघं मिळून मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जा आणि नावावर करून घ्या. भांडण झाल्यावर तो येणार नाही, आणि का यावं त्यानं?

प्रोप्रायटरशिप असेल तर तुमच्या स्वतःच्या नावावर सिम घेऊ शकता, पण एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम. हा आकडा ओलांडला तर २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात पहिल्या वेळेला ५० हजारांपर्यंत दंड आहे. घरच्यांचे नंबर, जुनी विसरलेली सिम, सगळं त्या नऊमध्ये मोजलं जातं. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आज रात्री बघा. माझ्या नावावर एक असा नंबर निघाला जो मी कॉलेजला असताना मित्राला घेऊन दिला होता! नऊपेक्षा जास्त लागणार असतील, किंवा फर्मच्या नावावर पाहिजे असतील, तर कंपन्या बिझनेस कनेक्शन देतात, त्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्याचंही केवायसी होतं. थोडं कटकटीचं आहे, पण योग्यही आहे. तुमच्या नावावरच्या सिमवरून कुणी उद्योग केला तर पोलिस आधी तुमच्या दारात येतात.

पैशांचा नंबर वेगळा ठेवा. हे मी ओरडून सांगतो. बँक खात्याला जोडलेलं सिम दुकानाच्या कुठल्याही फिरत्या फोनमध्ये नको. यूपीआय त्या सिमवर चालतं, ओटीपी त्या सिमवर येतात. ते सिम मालकाच्या स्वतःच्या फोनमध्ये. पोरांकडे दुकानाच्या क्यूआरचं लॅमिनेट केलेलं कार्ड द्या, गिऱ्हाईक त्यावर पैसे टाकेल, तुमच्या फोनवर किंवा काउंटरच्या स्पीकरवर कळेल. टेक्निशियनच्या खात्यावर पैसे घेऊन संध्याकाळी जमा, हा प्रकार एकदाही नको. पोरगा बेइमान आहे म्हणून नाही. महिनाअखेरीला त्याच्या खात्यात गिऱ्हाइकाचे १,८०० पडलेत आणि घरी गॅस संपलाय, अशा जागी आपण कुणाला उभंच करू नये.

दुकानाच्या प्रत्येक व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि तो पिन, सोबतचा ईमेल, दोन्ही मालकाकडे ठेवा. गिऱ्हाइकांचे नंबर दुकानाच्या जीमेलमध्ये सेव्ह करा. हँडसेट स्वतःचा असेल तर नंबर सवयीनं त्याच्या खात्यात सेव्ह होतात, इथं पोरांना एकदा बसून दाखवावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी मी उशिरा शिकलो. आमच्याकडे काही मशीन हप्त्यावर जातात. त्यासाठी गिऱ्हाईक आधार, पॅनचे फोटो पाठवतं. पूर्वी ते सेल्सच्या पोराच्या गॅलरीत पडून असायचे, त्याच्या भाच्यांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये मिसळून. तो फोन हरवला तर? विकला तर? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि माहिती सांभाळायची जबाबदारी ज्याच्या धंद्यासाठी ती घेतली त्याची, पोराची नाही. आता कागदपत्रं फक्त काउंटरच्या फोनवर मागवतो आणि काम झालं की डिलीट.

मात्र म्हणून "दाखव बघू तुझा फोन" असं करू नका. त्याच्या हँडसेटवर त्याचं आयुष्य आहे. दुकानाचं सिम आत आहे म्हणून त्याची गॅलरी उघडायचा हक्क आपल्याला मिळत नाही. हे टोचत असेल, तर हँडसेट घेऊन द्या. त्याचा हाच एक खरा फायदा आहे.

हँडसेट दिलाच तर बिल दुकानाच्या नावावर, जीएसटी नंबर टाकून घ्या. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, रेग्युलरमध्ये असाल आणि फोन धंद्यासाठी असेल तर क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. घसाऱ्याचं तुमच्या सीएंना विचारा. आयएमईआय नंबर रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, *#०६# डायल केलं की दिसतो. चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन त्याच संचार साथीवरून फोन ब्लॉक करता येतो, तेव्हा हा नंबर लागतो.

फुटला तर पगारातून कापायचा का? मी पहिल्यांदा कापला होता, ८०० रुपये, आणि चुकलो होतो. पगारातून मनाला येईल तशी कपात कायद्यानं करता येत नाही. नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळं झालेलं पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आता मी फोन देतानाच जाड कव्हर आणि काच लावून देतो, २५० रुपयांत विषय संपतो.

राहिला वेळेचा प्रश्न. यावर माझे कितीतरी व्यावसायिक मित्र माझ्याशी भांडतात. माझा नियम असा की संध्याकाळी साडेसातनंतर पोरांनी दुकानाचं सिम बंद ठेवायचं. फोन सेटिंगमध्ये एक सिम बंद करता येतं. मित्र म्हणतात, "अरे, गिऱ्हाईक रात्रीच घरी असतंय, तेव्हाच फोन करतंय." बरोबर आहे. मग रात्री तू उचल. साडेसातनंतर मुख्य नंबरचे कॉल मी माझ्या फोनवर वळवतो, दहापर्यंत घेतो. बहुतेकांना फक्त उद्या कोण येणार एवढंच हवं असतं. नफा मालकाचा असेल तर रात्रीचा फोनही मालकाचाच. ज्या दिवशी रात्रीचे फोन पोरानं घ्यावेत असं वाटेल त्या दिवशी त्याचे पैसे ठरवा, महिन्याची रक्कम लिहून. फुकटात चोवीस तास माणूस मिळतो ही समजूत डोक्यातून काढा.

तुम्ही म्हणाल, एवढं करून गिऱ्हाईक जायचं थांबतं का? पूर्ण नाही. २०२३ मध्ये आणखी एक टेक्निशियन गेला, हाही हुशार. तो गेला त्या दिवशी सिम काढून दिलं, लिंक्ड डिव्हाइसमधून नाव काढलं, त्याच्या फोनमधल्या दुकानाच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यानं माझ्यासमोर काढले, मी त्याचा राहिलेला भत्ता दिला, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तेच सिम नव्या पोराच्या फोनमध्ये. तरी अकरा घरं त्याच्याकडे गेली. त्यांनी त्याला शोधून काढलं, विचारत विचारत. ती त्याची कमाई, त्यावर माझा हक्क नाही. पण आधी नव्वद गेली होती, आता अकरा.

सिम परत आलं की लगेच कुणाला तरी द्या, किंवा काउंटरच्या फोनमध्ये टाकून रिचार्ज चालू ठेवा. ड्रॉवरमध्ये टाकून विसरलात तर काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. कल्पना करा, तुमचं गिऱ्हाईक फोन करतंय आणि उचलतंय कुणीतरी तिसरंच.

कामावर घेताना मी एक पानाचा कागद करतो, मराठीत. सिम दुकानाचं आहे, हँडसेट तुझा आहे, महिन्याला एवढे पैसे, साडेसातनंतर बंद, सोडताना सिम परत, तुझ्या फोनमधलं तुझं काही मी बघणार नाही. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला. स्टॅम्प पेपर वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी हे वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात. मावसभावाला ठेवताना हा कागद करायला मला लाज वाटली होती, तोच म्हणाला, "दादा, बरं केलंस, आता मामीला सांगायला बरं, सातनंतर फोन लागणार नाही म्हणून."

ते २०२३ चं सिम आता तिसऱ्या पोराकडे आहे. विश्रामबागेतल्या एक आजी अजून त्याला पहिल्या पोराच्या नावानंच हाक मारतात. पहिले काही महिने तो नाव दुरुस्त करायचा. आता "हो आजी, उद्या दहाला येतो" म्हणतो आणि फोन ठेवतो.